फिल्मच्या कोपऱ्यावरचा अंगठा

दिगंबर सर गेल्याची बातमी माझ्यापर्यंत पोहोचायला पाऊण तास लागला, आणि त्याला कारण खुद्द दिगंबर सरच. आमच्या एक्स-रेच्या खोलीत फोन न्यायचा नाही, हा नियम त्यांनी घातलेला. स्कॅन चालू असताना कुणी नुसतं चाललं तरी त्यांच्या कपाळाला आठी पडायची, मग फोनच्या थरथरण्याबद्दल तर बोलायलाच नको. बाहेरच्या टेबलावर त्यांनी घरून आणलेलं एक स्टीलचं ताट होतं, त्यात सगळ्यांनी आपापले फोन ठेवायचे आणि मगच आत यायचं. त्या दिवशी सकाळी मी स्कॅन लावून, पडद्यावर एकेक चित्र उमटताना बघत शांत बसले होते. बाहेर आले तर ताटातल्या माझ्या फोनवर सुलभावहिनींचे चार आणि ऑफिसचे तीन फोन येऊन गेलेले. वहिनींना फोन लावायची गरजच उरली नव्हती, तरी लावला. त्या म्हणाल्या, "मेघना, गेले गं सर..." स्वतःच्या नवऱ्याला त्या 'सर' म्हणाल्या, याचं मला त्या क्षणीसुद्धा नवल वाटलं. माझ्यापुरते ते सर आहेत, हे त्यांनी तेवढ्यातही लक्षात ठेवलं होतं.

आता महिना होत आला. वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी लिहाल का, असं विचारलं गेलं तेव्हा मी पटकन हो म्हटलं, कारण सरांबद्दल सांगण्यासारखं पुष्कळ आहे. पण लिहायला बसले तेव्हा लक्षात आलं, की एक गोष्ट सांगितल्याशिवाय बाकीचं सांगण्यात अर्थ नाही. ती गोष्ट मी चार महिने मनात बाळगून होते, आणि ती माझ्या चुकीची आहे.

पण आधी आमचं काम काय, ते सांगते. हैदराबादेत तारनाक्याजवळच्या आमच्या प्रयोगशाळेत आम्ही बॅटरीच्या पोटात डोकावतो. फोनच्या नाहीतर गाडीच्या बॅटरीत कॅथोड नावाचा एक भाग असतो, काळ्या पावडरीचा पातळ थर. त्या पावडरीचा एकेक कण म्हणजे राजगिऱ्याचा लाडू समजा, बारीक बारीक दाणे एकत्र वळून केलेला. बॅटरी चार्ज होताना त्यातलं लिथियम बाहेर जातं, डिस्चार्ज होताना परत येतं. हे जाणं-येणं शेकडो वेळा झालं की लाडवाला आतून तडे जातात आणि बॅटरी म्हातारी होते. हे तडे कधी जातात, कुठून सुरू होतात, हे कण न फोडता बघायचं असेल तर एक्स-रे हाच उपाय. नमुना थोडा थोडा फिरवत शेकडो चित्रं घ्यायची आणि संगणकाने ती जोडून आतलं सगळं उभं करायचं. माणसांचं सीटी स्कॅन असतं त्यातलंच हे तंत्र, फक्त आमचा पेशंट केसापेक्षाही बारीक. आणि या पेशंटांचे देशातले सगळ्यात उत्तम डॉक्टर होते दिगंबर सर. हे माझं मत आहे, आणि मी ते कुणाशीही भांडून सिद्ध करायला तयार आहे.

मी अकरा वर्षांपूर्वी नवऱ्याच्या नोकरीपायी पुण्याहून हैदराबादला आले. पहिल्या दिवशी माझी बोली ऐकून सर म्हणाले, "पुण्याच्या का? मग तुमच्यासंगं जपून बोलावं लागंल. आमची मराठी निजामाच्या राज्यातली हाय." त्यांचं घराणं परभणीकडचं, शेतकऱ्यांचं, आजोबांच्या वेळी हैदराबादला आलेलं. मराठीत बोलता बोलता ते दखनी उर्दूत शिरायचे, विद्यार्थ्यांशी तेलुगूत बोलायचे, आणि यंत्राशी मात्र नेहमी मराठीत. मी आगाऊपणे त्यांचं बोलणं सुधारायला जायची. ते ऐकून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी तेच वाक्य तस्संच म्हणायचे. दोन महिन्यांत 'तुम्ही'चं 'तू' झालं आणि माझं नाव 'पुणेकरीण' पडलं. नमुना बसवायला परदेशी पिना मिळतात. सर बेगम बाजारातून दातकोरण्यांचे गठ्ठे आणायचे. दुकानदारासमोर एकेक काडी भिंगातून तपासून घेणारं हे गिऱ्हाईक त्या बाजारात प्रसिद्ध होतं. दातकोरणीच्या टोकावर कॅथोडचा मुंगीच्या डोळ्याएवढा तुकडा चिकटवताना माझी घाई झाली की मागून आवाज यायचा, "हल्लू... हल्लू. पळून नाही चालला तो."

माझी पहिली मोठी फजिती त्याच वर्षातली. मला एका नमुन्यात सुंदर तडे दिसले, कणाच्या मधोमध निघून कडेपर्यंत गेलेले. मी उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, त्या दुपारीच निम्म्या प्रयोगशाळेला सांगून मोकळी झाले. सरांनी चित्रं बघितली आणि मान डोलावली. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर आठ चित्रं ठेवली. प्रत्येकाच्या कोपऱ्यातल्या लेबलावर कागदाची चिठ्ठी चिकटवलेली. "तडे मोज," म्हणाले. मी मोजले. चिठ्ठ्या काढल्या तेव्हा कळलं, की त्यातली चार चित्रं कधीच चार्ज न केलेल्या, कोऱ्या कॅथोडची होती, आणि तडे त्यांनाही होते. तुकडा ब्लेडने कापताना ते मीच पाडत होते. मला रडू फुटलं आणि त्याहून जास्त राग आला. सर म्हणाले, "लेबल वाचलं की डोळा शहाणा होतो गं. त्याला जे पाहिजे तेच दिसतं. आधी बघायचं, मग वाचायचं." त्या दिवसापासून आमच्याकडे रीतच पडली. चित्र समोर आलं की लेबल झाकायचं आणि सरांनी त्यांचा ठरलेला प्रश्न विचारायचा, "मालाचा का मशीनचा?" म्हणजे दिसतोय तो दोष नमुन्यातच आहे, की आमच्या यंत्राने उगीच उठवलेला? नक्की सांगता आलं नाही तर नमुना जरा सरकवून पुन्हा चित्र घ्यायचं. दोष नमुन्याबरोबर सरकला तर नमुन्याचा, जागेवरच राहिला तर यंत्राचा. हळूहळू मी यात इतकी तयार झाले, की लेबलाकडे माझी नजर जाणंच बंद झालं. सर मला सगळ्यांसमोर चिडवायचे, "हिला स्वतःची पत्रिका दाखवली तरी नाव न बघता दोष सांगंल ही."

शनिवारी कधीकधी आम्ही तिघं, सर, वहिनी आणि मी, सुलतान बाजारात जायचो. वहिनी कापडाच्या दुकानात शिरल्या की आम्ही जुन्या पुस्तकांच्या ढिगाऱ्यापाशी उभे राहायचो. सर मराठी पुस्तकं लेकीसाठी घ्यायचे. ऋतुजाला मराठी बोलता येतं, वाचायचं म्हटलं की ती अक्षर लावत बसते. ती लग्न होऊन बंगळुरूला गेली तरी त्यांची खरेदी थांबली नाही. "कधीतरी वाचंल," म्हणायचे. हा लेखही तिला मीच फोनवर वाचून दाखवणार आहे.

आता ती गोष्ट. दसरा होऊन गेला होता. दुपारी चारच्या चहाला मी वरच्या मजल्यावरच्या खोलीत गेले तर सर आधीच येऊन बसलेले, टेबलावर दवाखान्याचं मोठं पाकीट. "शेजाऱ्याचं हाय," म्हणाले. "तुझा डोळा पाहिजे जरा." त्यांनी पाकिटातून सीटी स्कॅनची फिल्म काढली आणि पश्चिमेच्या खिडकीच्या काचेवर धरली. ऊन मागून येत होतं, छातीचे काप ओळीने लखलखले. सरांचा अंगठा फिल्मच्या वरच्या कोपऱ्यावर होता, आणि तो तिथेच असणार हे मी गृहीतच धरलं होतं. त्यांनी विचारलं, "तो ठिपका. मालाचा का मशीनचा?"

उजव्या फुप्फुसात एक पांढरा ठिपका होता, कडा विस्कटलेल्या. मी चहाचा कप हातात घेऊन जवळ गेले आणि नेहमीसारखी बघायला लागले. फासळ्यांच्या कडा दुहेरी दिसत होत्या. मधोमध पुसट वर्तुळं होती. मी म्हटलं, "काय भिकार स्कॅन आहे हो हे! पेशंटने मध्येच श्वास घेतलाय बघा, सगळं हललंय. मशीनही धड लावलेलं नाही." सर म्हणाले, "आणि ठिपका?" मी म्हटलं, "मशीनचाच." ते म्हणाले, "पक्कं?" मी म्हटलं, "पक्कं. असला स्कॅन मी आणला असता तर तुम्ही मला खोलीबाहेर काढलं असतं." सर हसले. फिल्म काचेवरून उतरवून त्यांनी नीट पाकिटात घातली. "श्वास घेतला असंल बिचाऱ्यानं," म्हणाले, "माणूसच हाय." मग चहा पूर्ण न पिताच घरी गेले. इतक्या वर्षांत साडेचारला घरी गेलेले मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं, आणि तरीही मला काही वाटलं नाही.

त्यानंतर दीड महिना ते कामावर येत होते. जरा वाळले होते, सकाळीच येऊन लवकर जायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, साखर सोडली. मग एक दिवस रजेचा अर्ज आला आणि आम्हाला खरं काय ते कळलं, फुप्फुसाचा कॅन्सर. मी त्याच संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. सर झोपले होते. वहिनी कपाटावरून फायली काढून पलंगाच्या कडेला लावत होत्या, त्यातली एक फिल्म पाकिटातून अर्धी बाहेर आलेली. दिव्याच्या उजेडात मला तो ठिपका दिसला. चेहरे मी विसरते, चित्रं विसरत नाही. कडा त्याच, वर्तुळं तीच. मी फिल्म हातात घेतली. आणि तेव्हा मला दिसलं, की नाव फक्त वरच्या कोपऱ्यात नव्हतं. प्रत्येक चौकटीत, प्रत्येक कापाच्या खाली, बारीक अक्षरांत दिगंबर सरांचं पूर्ण नाव छापलेलं होतं. वीस वेळा, अन् माझ्या डोळ्यांसमोर. अंगठ्याने झाकून झाकून एकच झाकलं गेलं होतं. बाकीची मी वाचली नव्हती, कारण लेबल वाचायचं नाही हे माझ्या हाडीमासी भिनवलं होतं ते याच माणसाने.

मी डॉक्टर नाही, हे मला कळतं. छातीच्या फिल्मवर मत देणं माझं काम नाही, हेही कळतं. पण सरांचा माझ्या डोळ्यावर विश्वास होता, हेही तितकंच खरं. माझ्या 'पक्कं'वर विसंबून त्यांनी तो दीड महिना घालवला असेल का? तेवढ्यात औषध सुरू झालं असतं तर...? या प्रश्नाने मला चार महिने खाल्लं. मी नवऱ्यालाही सांगितलं नाही. दर रविवारी सरांकडे जायची, मूग गिळून बसायची आणि परत यायची. विचारायचं धाडस झालं नाही. शेवटच्या भेटीत सर उशीला टेकून बसले होते, आवाज अगदी खोल गेलेला. मी धीर करून सुरुवात केली, "सर, त्या दिवशीची ती फिल्म..." त्यांनी हात वर केला आणि विचारलं, "आपल्या नळीतल्या सेलच्या किती फेऱ्या झाल्या?" प्लॅस्टिकच्या बारीक नळीत त्यांनी स्वतः बांधलेला एक सेल होता. त्यातला एकच कण ते वर्षभर, चार्ज-डिस्चार्जच्या दर पन्नास फेऱ्यांनी, सेल न उघडता बघत आले होते. मी म्हटलं, "साडेचारशे." म्हणाले, "अजून तडा नाही ना? बघत राहा. घाई नको करू." आणि माझा प्रश्न तिथेच राहिला. पाचव्या दिवशी ते गेले.

दिवस झाले, पाहुणे पांगले, ऋतुजाही आईला पुढच्या महिन्यात न्यायला येते म्हणून परत गेली. गेल्या रविवारी मी वहिनींकडे गेले आणि चप्पल काढता काढताच बोलून टाकलं. सगळं. खिडकी, चहा, मी काय म्हणाले, कशी तोऱ्यात म्हणाले. शेवटी म्हटलं, "वहिनी, माझ्यामुळे उशीर झाला का हो?"

वहिनी माझ्याकडे बघतच राहिल्या. "अगं माय," त्या म्हणाल्या, "हे घेऊन बसलीस होय तू इतके दिवस? त्या दिवशी सकाळी तर सुईनं काढलेल्या तुकड्याचा रिपोर्ट आला होता. स्कॅन तर दोनदा झालं होतं त्याआधी. डॉक्टरनी आम्हाला दोघांला समोर बसवून सगळं सांगितलं. किती दिवस, ते पण सांगितलं. औषध दुसऱ्या दिवशी चालू झालं, एक दिवस नाही चुकला."

मी विचारलं, "मग ती फिल्म मला कशाला दाखवली?"

"मी पण तेच म्हणले. दवाखान्यातून मला घरी सोडलं आन् निघाले लॅबला. मी म्हणले, आज कामून जाता? तर म्हणले, मेघनाला दाखवून येतो. मी म्हणले, तिला सांगणार का? तर नाही म्हणले. सांगितलं तर बघायची नाही ती, रडत बसंल." वहिनींनी पदराने चष्मा पुसला. "संध्याकाळी लवकर आले. दारातूनच म्हणले, सुलभा, पास झालो. पुणेकरीण म्हणते मशीनचा दोष हाय, पक्कं. आन् हसायला लागले. मला पण हसू आलं बघ. लै हसलो आम्ही दोघं, येड्यासारखं. मग रडलो. मग त्यांनी ज्वारीची भाकर खाल्ली, पोटभर, चार दिसांनंतर. तेवढी एक संध्याकाळ मिळाली आम्हाला. त्याच्या पुढं मग दवाखानाच होता."

म्हणजे सरांनी मला शेंडी लावली होती. ज्या माणसाने मला 'शंका आली तर सरकवून पुन्हा घे' हे शिकवलं, त्याने त्या दिवशी पुन्हा घ्यायचं नावही काढलं नाही, तेव्हाच मला कळायला हवं होतं. माझ्या मनावरचं ओझं वहिनींच्या घरीच उतरलं, खोटं कशाला बोलू. रिक्षात बसेपर्यंत मात्र त्याच्या जागी दुसरंच काहीतरी येऊन बसलं आणि ते अजून हललेलं नाही. मला सरांचा राग येतो. सकाळी आपलं मरण ऐकून आलेला माणूस दुपारी चार वाजता माझ्या शेजारी हातभर अंतरावर उभा होता, आणि मी त्याला यंत्र नीट लावलेलं नाही म्हणून सांगत होते! निदान तेव्हा मी कप खाली ठेवायला हवा होता. त्यांच्या दंडाला हात लावायला हवा होता. शेवटच्या त्या महिन्यांत मला त्यांच्याशी खरं बोलायचं होतं, आणि ते त्यांनी होऊ दिलं नाही. आमची सगळी वर्षं चित्रांबद्दल बोलण्यात गेली... माझी त्याबद्दल तक्रार नाही, पण एक दिवस तरी दुसरं काही बोललो असतो तर बरं झालं असतं.

या आठवड्यात नळीतल्या त्या सेलच्या पाचशे फेऱ्या झाल्या. आमची विद्यार्थिनी श्रावणी आणि मी स्कॅन लावला. सुरू करण्याआधी संगणक स्कॅन घेणाऱ्याचं नाव विचारतो आणि त्या नमुन्याच्या पहिल्या स्कॅनचं नाव आपणहोऊन भरून दाखवतो. तिथे सरांचं नाव आलं. श्रावणीने विचारलं, "मॅम, बदलू का?" मी म्हटलं, "असू दे." दोघी हालचाल न करता बसून राहिलो. चित्र स्वच्छ आलं. कणाच्या मध्यापासून कडेकडे एक बारीक तडा गेला होता. आम्ही सेल सरकवून पुन्हा चित्र घेतलं, तडा कणाबरोबर सरकला. खरा होता. सर ज्याची वर्षभर वाट बघत होते तो हाच. श्रावणी टाळी वाजवणार होती, माझ्याकडे बघून थांबली.

चार वाजता मी एकटीच वर चहाला गेले. खिडकीच्या काचेवर ऊन आलं होतं. मी कप टेबलावर ठेवला आणि काचेपाशी जाऊन उभी राहिले. सर आत्ता आले आणि त्यांनी तीच फिल्म पुन्हा तिथे धरली, तर मी या खेपेला नाव वाचेन. वीसच्या वीस वेळा वाचेन. आणि मग त्यांच्याकडे वळून सांगेन, मशीनचाच दोष आहे सर. पक्कं.